हसूदादाची न छापलेली प्रतिक्रिया

हसुराम ठाकूर कबड्डीचा सराव घ्यायचा तो मैदानाकडे पाठ करून.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पोरांवर रागावून बसला असेल. ओहोटीने मोकळ्या झालेल्या ओल्या वाळूत काठीने रेघा मारून मैदान आखलेलं. त्यात चौदा पोरं एकमेकांवर तुटून पडलेली. आणि त्यांचा प्रशिक्षक पालथ्या घमेल्यावर बसून, समुद्राकडे तोंड करून, खिशातले शेंगदाणे सोलत होता. पंच नाही, शिट्टी नाही. चढाईला आलेल्याचा हात-पाय ज्याला लागला त्यानेच हात वर करून "लागला" म्हणायचं आणि बाहेर जायचं. वाद घातला तर दोघंही बाहेर, आणि बाहेर म्हणजे गुडघाभर पाण्यात, पुढचा डाव होईपर्यंत.

"अरे हसुराम, बघतच नाहीस तर शिकवतोस काय?" मी विचारलं.

"सर, मी बघत बसलो का पोरं मना बघून खेळतात. पाठ फिरवली का एकमेकांना बघतात." आणि मान न वळवताच ओरडला, "प्रणय! लागला न्हाय का तुला?"

"लागला दादा, जातच होतो!"

"मंग जा ना. आमंत्रण पायजे काय?"

पोरं हसली. मीही हसलो. उत्तर मला आवडलं होतं, आणि आवडलं म्हणूनच ते घरापर्यंत टोचत राहिलं.

मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. माझ्याकडे प्रशिक्षणाचं सरकारी प्रमाणपत्र, स्टॉपवॉच, प्रत्येक खेळाडूच्या वजनाची आणि चढायांची वही. हसुराम सातवी शिकलेला. आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या लाँचचे दोर बांधायचा, सोडायचा. त्याच्या सरावाची वेळ रोज बदलायची, कारण वाळू रोज वेगळ्या वेळी उघडी पडायची. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीच्या फळीवर तो खडूने लिहून ठेवायचा: आज साडेतीन, उद्या सव्वाचार. तीन गावांतली पोरं ती फळी वाचून बरोबर हजर होत. माझ्या शाळेच्या मैदानावर पाच म्हणजे पाच, तरी रोज दोघं-तिघं उशिरा. जिल्ह्याच्या संघात त्याची पाच पोरं असायची, माझी दोन किंवा तीन. हे आकडे मला आजही पाठ आहेत, यावरून वाचणाऱ्याने काय ते ओळखावं.

आमच्या कबड्डी मंडळाची पोरं स्मरणिका काढताहेत. "सर, तुमची आणि हसूदादांची ठसन सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. दोन पानं मस्त आठवणी लिहा," असं त्यांनी सांगितलं. हसुराम जाऊन काही महिने झालेत. मी एकोणसत्तरचा आहे. मस्त आठवणी मी लिहिणार नाही. आणि ठसन म्हणाल तर ती दोघांत नव्हतीच. एकट्याची होती, आणि तिला दुसरी बाजू दिली ती वर्तमानपत्राने.

जिल्ह्याच्या एका दैनिकात सुर्वे नावाचा क्रीडा वार्ताहर होता. त्याच्या वाट्याला अर्धं पान. थंडीत गावोगावच्या स्पर्धा सुरू झाल्या की त्याच्याकडे निकालांचा ढीग लागायचा. पण सुर्वेला एक गोष्ट लवकर कळली होती. निकाल कोणी वाचत नाही. अमुक संघाने तमुक संघाला सहा गुणांनी हरवलं हे ज्याला हवं त्याला आदल्या दिवशीच कळलेलं असतं. लोक वाचतात ती कुणी कुणाला काय म्हटलं ती बातमी. म्हणून मोठ्या सामन्याआधी तो आधी मला फोन करायचा, मग हसुरामला.

मी बोलायचो. हसुरामकडून मात्र त्याला काही मिळायचं नाही. एकदा तो म्हणाला, "सरांची पोरं चांगली हायत, शाळेत शिकल्याली. आमची वाळूत शिकल्याली." दुसऱ्या दिवशी मथळा आला: 'कबड्डी शाळेत शिकता येत नाही! ठाकूर यांचा म्हात्रे यांना टोला'. हसुराम असं बोलला नसणार हे मला वाचताक्षणी कळलं. फोन करून विचारता आलं असतं. मी केलं काय, तर कात्री घेतली आणि ते कात्रण वहीत ठेवलं. कारण त्या मथळ्यात त्याच्या नावाशेजारी माझं नाव होतं, एकाच आकाराच्या अक्षरांत.

मग मीही सुर्वेला चांगलंसं वाक्य दिलं. "प्रशिक्षकानेच पाठ फिरवली तर पोरांनी बघायचं कोणाकडे?" सुर्वेने खूश होऊन हसुरामचं नाव पाडलं, 'पाठमोरा प्रशिक्षक'. मला वाटलं, आता लोक हसतील. लोक हसले, पण प्रेमाने. पंधरा दिवसांत मुंबईहून एका वाहिनीची गाडी आगरदांड्याला आली. पाठमोऱ्या प्रशिक्षकाचं चित्रण झालं, वाळू, लाटा, घमेलं, शेंगदाणे सगळ्यासकट. शाळेत येऊन त्यांनी माझीही मुलाखत घेतली. मी सरावाच्या शास्त्रावर दहा मिनिटं बोललो. दाखवलं ते एवढंच, की मी खुर्चीवरून उठतोय.

"तुमच्यामुळं टीव्हीवर आलो सर," हसुराम पुढच्या स्पर्धेत भेटला तेव्हा म्हणाला. तो टोमणा असता तर मला किती बरं वाटलं असतं! तो खरंच आभार मानत होता.

फोटोची गोष्ट तर जुन्या लोकांना ठाऊकच आहे. एका अंतिम सामन्याआधी सुर्वे फोटोग्राफर घेऊन आला. आम्ही दोघांनी पाठीला पाठ लावून, हाताची घडी घालून, रागाने बघायचं होतं, सिनेमाच्या पोस्टरसारखं. मी उभा राहिलो. हसुराम उभा राहिला. माझी पाठ लागली की तो अंग चोरून खिदळायला लागायचा.

"काय झालं रे?"

"सर, गुदगुल्या होतात."

"ठाकूर, जरा रागाने बघा ना," सुर्वे वैतागला.

"कोणाच्या रागाने? सरांच्या? त्यांनी माझं काय घोडं मारलंय?"

आठ-दहा वेळा फ्लॅश उडाला. शेवटी छापला तो फोटो असा: मी भुवया ताणून, छाती काढून उभा, आणि माझ्या पाठीला टेकून एक माणूस डोळे मिटून हसतोय. सगळा जिल्हा त्याच्याबरोबर हसला. घरी माझी बायको म्हणाली, "तुम्हीही जरा हसला असतात तर काय बिघडलं असतं?" त्या दिवशी मी तिच्याशी जेवताना बोललो नाही.

तिसरी गोष्ट निलेशची. निलेश माझ्या संघातला सगळ्यात चांगला चढाई करणारा पोरगा, वडील नसलेला. हसुरामच्याच संघाविरुद्ध खेळताना त्याचा खांदा निखळला. मी पंचांशी हुज्जत घालत होतो, की ही पकड नियमात बसते कशी. माझं बरोबरच होतं. पण दहा मिनिटांनी वळून बघतो तर निलेश नाही आणि समोरच्या बाकावर हसुरामही नाही. त्याने निलेशला मासळीच्या टेम्पोत घालून अलिबागला नेलं होतं. स्वतःचा संघ मैदानात, सामना चालू, आणि प्रशिक्षक बेपत्ता.

सामना संपवून मी दवाखान्यात पोचलो. निलेशचा हात गळ्यात बांधलेला, आणि हसुराम त्याला वडापाव भरवत होता.

"सर, निकाल काय?" हसुरामनेच विचारलं.

"आम्ही जिंकलो."

"बरा झाला! ह्याच्या तोंडाकडं बघून सांगा, त्याला ऐकायचा हाय."

त्यानंतर निलेश प्रत्येक सामन्याआधी आधी माझ्या पाया पडायचा, मग जाऊन हसुरामच्या. क्रम बरोबर होता. पण दुसऱ्या ठिकाणी तो थोडा जास्त वेळ वाकलेला असायचा. असं कोणी मोजतं का? मी मोजायचो.

आता तो सामना. बारा वर्षं झाली त्याला.

अलिबागच्या बाजूला मोठी निमंत्रित स्पर्धा होती. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाचा प्रशिक्षक नेमायचा होता आणि नावं दोनच होती, त्याचं आणि माझं. अंतिम सामना आमच्या दोघांच्या संघांत. माणूस मावत नव्हता, पोरं माडांवर चढून बसली होती. शेवटच्या चढाईला दोन्हीकडे अठ्ठावीस. चढाई आमची, निलेशची. तो रिकामा परत आला असता तर पाच-पाच चढायांचा जादा डाव झाला असता, आणि त्या खेळात हसुरामची पोरं आमच्या पुढे होती हे मला पुरतं ठाऊक होतं.

निलेश डाव्या कोपऱ्यात शिरला. तिथे प्रणय होता, ओल्या वाळूतला तोच पोरगा, आता जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा कोपरारक्षक. निलेशने पाय टाकला, प्रणय मागे सरला, दोघा-तिघांनी झेप घेतली, निलेश निसटला आणि मध्यरेषेवर पालथा पडला. पंचांनी दोन्ही हात हलवले. काही नाही. लोक ओरडायला लागले, जादा डाव, जादा डाव.

आणि प्रणयने हात वर केला. लागला.

क्षणभर कोणाला काही कळेना. पंचांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने पुन्हा हात वर केला आणि चालत बाहेर गेला. बाकावर हसुरामने मान डोलावली आणि दोनदा टाळी वाजवली. आम्ही एका गुणाने जिंकलो.

निलेश धापा टाकत माझ्याकडे आला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "सर, खरंच लागला होता. माझ्या पायाचं बोट त्याच्या पायाच्या करंगळीवर घासलं. मी पडलो म्हणून मागायला सुचलं नाही."

"बरं बरं," मी म्हटलं. "कप घे."

दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र मी सकाळी स्टँडवर जाऊन आणलं. अर्ध्या पानावर हसुराम आणि प्रणय. 'हरले, पण मनं जिंकली'. प्रणयचं कौतुक, हसुरामच्या शिकवणीचं कौतुक, वाळूचं कौतुक. खाली दोन ओळींत विजेता संघ. कपाचा फोटो होता, पण तो असा कापला होता की निलेश पूर्ण दिसत होता आणि माझं कोपर. मी उभा राहून तो मजकूर तीनदा वाचला. जिंकलो मी होतो!

दुपारी सुर्वेचा फोन आला. "सर, प्रतिक्रिया? काय खिलाडूवृत्ती म्हणायची!"

मी म्हणालो, "लागला कुठे होता?"

"म्हणजे?"

"पंचांनी दिला नव्हता. आमच्या पोराने मागितला नव्हता. मग त्याने हात वर का केला? एवढ्या मोठ्या बक्षिसाची स्पर्धा, बाहेर पैजा लागलेल्या. लोक काय बोलताहेत ते तुम्ही ऐकलं असेलच."

"सर, नाव टाकू?"

"माझं नाव कशाला? जाणकार म्हणा."

दोन दिवसांनी पानभर मथळा आला: 'अंतिम सामन्याचा निकाल संशयाच्या भोवऱ्यात. जाणकारांचा सवाल'. सोबत कुणाच्या तरी मोबाइलमधल्या चित्रफितीतला फोटो, मान डोलावून टाळी वाजवणारा हसुराम. तोच माणूस, तीच टाळी, पण त्या मथळ्याखाली ती टाळी वेगळी दिसत होती. ती चित्रफीत मोबाइलवरून जिल्हाभर फिरली.

निवड समितीने चौकशी लावली. तीन माणसं, शाळेच्या एका वर्गात. आदल्या दिवशी मी निलेशला घरी बोलावलं.

"तू पडला होतास. दम गेला होता. तुला काय कळणार?"

"कळलं होतं सर."

"कळलं नव्हतं."

वीस वर्षांचा पोरगा, त्याच्या कॉलेजची फी माफ व्हावी म्हणून मी खटपट केलेली, संघातली त्याची जागा माझ्या हातात. "बरं सर," तो म्हणाला. या सगळ्यात त्याचा दोष नाही, हे इथे स्पष्ट लिहितो.

समितीपुढे तो म्हणाला, "पडलो होतो. ध्यानात नाही." प्रणय सांगत होता की करंगळीला लागला. समितीतला एक जण हसला, "करंगळीला साक्षीदार कोण?" साक्षीदार माझ्या शेजारच्या बाकावर बसून नखं कुरतडत होता. हसुरामला विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, "पोराने हात वर केला म्हंजे लागला." तुमचा कुणावर संशय? "न्हाय."

सिद्ध काहीच झालं नाही. पण सिद्ध न झालेल्या गोष्टीनेही काम होतं. जिल्ह्याचा प्रशिक्षक मी झालो. प्रणयला संघातून वगळलं. खेळाडू म्हणून त्याची एका ठिकाणी नोकरी जवळपास ठरली होती, ती गेली. तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात लागला आणि पुन्हा मैदानात उतरला नाही.

हसुरामचं काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या संघातल्या कुणीही हात वर केला की प्रेक्षकांतून आवाज यायचा, "किती घेतले रे?" दोन हंगाम पोरांनी ते ऐकलं. तिसऱ्या हंगामात एका सामन्यात त्याच्या पोराच्या पोटरीला लागलेलं सगळ्यांना दिसलं, आणि पोराने हात वर केला नाही. पंचांकडे बघत उभा राहिला, बाकी सगळे खेळाडू करतात तसा. हसुराम बाकावरून उठला, चपला शोधल्या आणि गेला. टपरीच्या फळीवर त्यानंतर भजीचे भाव लिहिलेले असत.

मी चार वर्षं जिल्ह्याचा प्रशिक्षक होतो. नेमणूक झाल्यावर माझा फोटो छापून आला, पूर्ण, कोपरासकट. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो फोटो. त्यात मी चांगला दिसतो.

मग गेल्या वर्षी सुर्वे भेटला, एका लग्नात. तोही आता निवृत्त. जेवणाच्या रांगेत ताट धरून गप्पा मारता मारता तो सहज म्हणाला, "सर, त्या बातमीच्या वेळी मी हसुरामला फोन केला होता, तुम्हाला कधी बोललो नाही."

"कसला फोन?"

"बाजू घ्यायला नको का दुसरी? म्हटलं, म्हात्रेसर असं असं म्हणताहेत, तुमचं काय म्हणणं?"

"माझं नाव सांगितलंत?"

"त्याशिवाय तो भडकणार कसा? पण तो भडकलाच नाही. म्हणाला, 'सर असं बोलणार न्हाईत. तुमच्या ऐकण्यात चूक झाली. सरांना म्हाईत हाय लागला म्हणून.'"

"मग हे छापलं का नाही?"

सुर्वेने मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "त्यात बातमी कुठे होती, सर?" आणि त्याने ताटात श्रीखंड वाढून घेतलं.

म्हणजे बारा वर्षं त्याला ठाऊक होतं. त्या बारा वर्षांत तो माझ्या मुलीच्या लग्नाला आला होता, पंगतीत वाढायला उभा राहिला होता. मी निवृत्त झालो तेव्हा बायकोसाठी सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन आला होता. मी मनात म्हणायचो, किती भोळा आहे. आणि त्या भोळेपणाचाही मला हेवा वाटायचा.

हसुराम पावसाळ्यात गेला, पोटाच्या दुखण्याने. मी अंत्ययात्रेला गेलो. दिघीकडची माणसं लाँच भरभरून आली होती. जुने खेळाडू, कोळणी, धक्क्यावरचे हमाल. ती गर्दी बघून माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ते लिहितो, कारण लपवून आता काय मिळवायचं आहे. पहिला विचार आला, माझ्या वेळी एवढी माणसं येतील का? दुःख त्यानंतर आलं.

स्मरणिकेचं बोलावणं आल्यावर मी प्रणयला शोधत न्हावा शेव्याला गेलो. तो आता यार्डात सुपरवायझर आहे, अंगाने सुटलाय. ट्रेलरच्या रांगेशेजारी उभ्या उभ्या मी त्याला सगळं सांगितलं. निलेश कानाशी काय म्हणाला, मी फोनवर काय बोललो, समितीच्या आदल्या दिवशी काय झालं. त्याचा फोन वाजत होता, तो कट करत होता.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "सर, माझी करंगळी. लागला हे मला ठाऊकच होतं. मला काय नवीन सांगताय? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

"सांगणार आहे. लिहून देणार आहे."

"दादाला सांगितलं होतंत?"

"हो."

"कधी?"

"मे महिन्यात."

तो माझ्याकडे बघायला लागला. "मे महिन्यात दादाने मला फोन केला होता. म्हणाला, रविवारी कामावर जाऊ नको, घरी थांब, मी एका माणसाला घेऊन येतो. कोण ते सांगितलं नाही. मी रजा टाकून थांबलो. दादा आला एकटाच. चहा प्यायला आणि गेला." मग म्हणाला, "म्हणजे तो माणूस तुम्ही."

मी मान हलवली. त्याने फोन कानाला लावला आणि ट्रेलरकडे निघून गेला.

तर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. त्या सामन्यात निलेशचं बोट प्रणयच्या पायाच्या करंगळीला लागलं होतं. प्रणयने हात वर केला तो खरा होता. हसुराम ठाकूरने सामना विकला नाही, कुणाकडून काही घेतलं नाही. बातमीतला जाणकार मी, वसंत म्हात्रे. बोललो तेव्हा मला खरं काय ते ठाऊक होतं. मंडळाने यातलं एक वाक्यही गाळू नये आणि माझ्या नावाचं 'जाणकार' करू नये.

राहिली ती मे महिन्यातली भेट.

सुर्वे भेटल्यापासून मला झोप नव्हती. एके सकाळी मी हसुरामच्या घरी गेलो. तो ओटीवर बसून कोकमं फोडत होता. शरीर अर्धं झालेलं, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. वहिनींनी सरबत आणून दिलं आणि त्या आत गेल्या. मी सांगायला सुरुवात केली. तो कोकमं फोडत ऐकत राहिला.

"निलेश तुमच्या कानाशी लागला, तवाच मना कळला," तो शेवटी म्हणाला.

"मग समितीपुढे का बोलला नाहीस?"

"त्याने सांगायचा व्हता, नायतर तुमी. मी सांगून पोराला खोटा पाडू?" त्याने हात पुसले. "आता मना सांगून काय उपयोग सर? मी तर तसाच राहिलो. प्रणयचा बघा. त्याची आय मेली ती पोराने सामना विकला असा ऐकत मेली. त्याला सांगा. आनि कागदात सांगा. बोललात कागदात, तर सांगायचाबी कागदातच."

"सांगतो," मी म्हटलं.

"मंग चला."

"कुठे?"

"उरणला. प्रणयकडं. दुपारपातूर पोचू."

मी काही म्हणायच्या आत तो भिंतीला धरून उठला आणि आत गेला. आतून वहिनींचा आवाज आला, "या उन्हात कुठं चाललाव? डॉक्टरने काय सांगितलाय?" त्याचं उत्तर ऐकू आलं नाही. तो बाहेर आला तेव्हा अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. वरचं बटण लागेना, म्हणून ते त्याने तसंच सोडलं.

मला प्रणयचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग निलेशचा, मंडळाच्या पोरांचा, माझ्या मुलीच्या सासरच्यांचा. मी म्हणालो, "हसुराम, आज नको. तुझी तब्येत बरी नाही. रविवारी येतो, गाडी घेऊन येतो, आरामात जाऊ."

"रविवारी?"

"रविवारी."

"नक्की ना सर? मी त्याला थांबायला सांगतो."

"नक्की."

तो मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. एवढं चालल्याने त्याला धाप लागली होती. सहा आसनी रिक्षा आली, मी मागे बसलो. म्हटलं, जा आता घरी, ऊन आहे. त्याने मान हलवली, पण हलला नाही. रिक्षा निघाली. वळणावर मी मागे बघितलं. हसुराम रस्त्याच्या कडेला तसाच उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात, पायांत चपला, खिशात चष्मा, निघायच्या तयारीत.